परवा पहिलं सेशन आहे. तिथे जाऊन नेमकं बोलायचं काय?

गोदाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४३, नाशिक. अंबडला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. मार्चएंडच्या धामधुमीत एका रात्री अडीचला दचकून उठलो. छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं, बनियन घामाने चिंब. अटॅकच आला म्हणून बायकोने शेजारच्यांना उठवलं, त्यांच्या गाडीतून दवाखाना. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, सकाळी घरी. पुढच्या महिन्यात परत तेच. मग टूडी एको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉईड सगळं करून झालं. सगळं नॉर्मल. शेवटी हार्टवाले डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे तुमचं. आता माझ्याकडे येऊ नका, समुपदेशकाकडे जा." चिठ्ठीवर नाव-नंबर लिहून दिला. ती चिठ्ठी चार महिने पाकिटात फिरवतोय.

आता गत अशी आहे की जिना चढत नाही. ऑफिसची लिफ्ट बंद असली की फोनवर बोलतोय असं दाखवत खालीच रेंगाळतो. नवरात्रात वणीला गेलो तर गडावर पायऱ्यांनी न जाता ट्रॉलीने गेलो आणि घरच्यांना सांगितलं, गुडघा धरलाय. शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती गोळी. डॉक्टरांनी दिलेली नाही, आईच्या औषधांच्या डब्यातून उचललीय. रिपोर्टांची फाइल स्कूटरच्या डिकीत कायम.

तर परवा संध्याकाळी साडेसहाची वेळ घेतलीय. सुरुवात कोण करतं तिथे? मी काही पाठ करून जाऊ का? बोलता बोलता रडू आलं तर काय करतात माणसं? बाराशे रुपये फी आहे, तर असं किती वेळा जावं लागतं? बायकोला माहीत आहे, आईला नाही. आई म्हणेल, गडावर जाऊन ओटी भरून ये, सगळं निवळेल.

---

ओसरी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३४

गोदाकाठ, चिठ्ठी चार महिन्यांत बाहेर निघाली? माझी दोन वर्षं निघाली नव्हती.

मी पुण्यात चौदा महिने जात होते. आठवड्यातून एकदा, पुढे पंधरा दिवसांतून एकदा. माझं दुखणं तुमच्यापेक्षा वेगळं होतं, त्यामुळे फक्त पहिल्या दिवसाचं सांगते.

मी जाताना मनात एक खोली रंगवून गेले होते. आडवं व्हायची आरामखुर्ची, मंद दिवा, दाढीवाले गृहस्थ. प्रत्यक्षात एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरची खोली. दोन वेताच्या खुर्च्या, त्याही समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या. नजर चुकवायची असेल तर खिडकी दिसावी अशा. मला दिसेल असं भिंतीवरचं घड्याळ आणि हाताच्या अंतरावर टिश्यूचा डबा. तो डबा बघूनच मी ठरवलं की आपण रडायचं नाही. बाविसाव्या मिनिटाला हात गेला.

सुरुवात समुपदेशक बाईच करतात. एक फॉर्म भरून घेतात: नाव, वय, घरात कोण कोण, झोप, भूक, आजार, औषधं, दारू-सिगारेट. मग विचारतात, "काय घेऊन आलात?" यावर मी म्हटलं, "काही विशेष नाही." त्या गप्प. मी गप्प. अशी शांतता घरात कुणी राहू देत नाही हो. कुणीतरी चहा तरी विचारतं! ती शांतता मला इतकी जड गेली की मी बोलायला लागले.

पाठ करून जाऊ नका. फार तर चार शब्द कागदावर लिहून न्या, तोंडाला कोरड पडली तर वाचून दाखवायला. आणि सेशननंतर त्या संध्याकाळी काही ठरवू नका. लग्नाचं रिसेप्शन वगैरे तर नकोच. मला पहिले चार-पाच वेळा दुसऱ्या दिवशी डोकं जड आणि उगाच चिडचिड असायची. घरचे म्हणायचे, पैसे देऊन आणखी बिघडून येते ही.

---

टवाळ | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

बाराशे रुपयांत फक्त बोलायचं? आमच्या कट्ट्यावर या, कटिंगच्या पैशात चार जण ऐकून घेतील आणि वर सल्लाही देतील.

---

ओसरी | १० नोव्हेंबर, सकाळी ८:०२

टवाळ, तोच तर घोटाळा आहे. सल्ला देतील. मी कट्ट्यावर "हल्ली झोप लागत नाही" एवढंच म्हटलं होतं. एकीने जायफळ सांगितलं, दुसरीने तिच्या नणंदेची कहाणी सुरू केली आणि दहा मिनिटांत आम्ही नणंदेच्या घटस्फोटावर पोचलो. पन्नास मिनिटं कुणी स्वतःची नणंद मध्ये न आणता ऐकतंय, हे मी पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा अनुभवलं.

---

मनकवडी_नाही | १० नोव्हेंबर, दुपारी २:४०

आयडीवरून कळलं असेलच, मी समुपदेशक आहे. कोल्हापुरात अकरा वर्षं. लग्नकार्यात ओळख झाली की लोक दोन पावलं मागे सरून म्हणतात, "म्हणजे आता तुम्हाला आमच्या मनातलं कळणार!" नाही हो कळत. म्हणून तर इतके प्रश्न विचारावे लागतात.

गोदाकाठ, तुमच्याबद्दल निदान इथे करणार नाही, ते परवा ज्यांच्याकडे जाताय त्यांचं काम. पण एक गोष्ट तुम्ही नकळत अगदी बरोबर केलीत. आधी हृदय, थायरॉईड वगैरे तपासून घेतलंत. धडधडीची शारीरिक कारणंही असतात, ती बाजूला काढल्याशिवाय "मनाचं आहे" म्हणणं घाईचं ठरतं. फाइल घेऊन जा बरोबर.

कुणाकडे काय मिळतं यात लोकांचा फार गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी वगैरे केलेले डॉक्टर. औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून आलेले, बहुतेकांनी एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल केलेलं असतं. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, आणि नोंदणी क्रमांक मागितला तर कुणी रागावत नाही. रागावलं तर तिथेच समजून जा. तिसरे आम्ही समुपदेशक, बहुतेक एमए झालेले. आमच्यासाठी मात्र डॉक्टर-वकिलांसारखी एकच एक सनद आजवर नव्हती. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा झाला, त्याची घडी अजून नीट बसायची आहे. तोवर शनिवार-रविवारचा कोर्स करूनही कुणी पाटी लावू शकतं आणि लावतातही. तेव्हा शिक्षण काय, किती वर्षं काम करताय, कुणाच्या देखरेखीखाली केलंत, हे पहिल्या फोनवर बेधडक विचारा. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतोच ना.

गुप्ततेबद्दल. ऑफिसला कळवण्याचा प्रश्नच येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत सांगायला हवेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, न्यायालयाने आदेश दिला तर, आणि लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली तर. पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवावीच लागते, आमच्या हातात काही नसतं. हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

किती वेळा? कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या पद्धतीने एका ठरावीक त्रासावर काम करायचं तर साधारण बारा ते वीस सेशन धरतात. काहींचं सहात भागतं. बालपणापासूनचं काही असेल तर वर्ष-दीड वर्ष. पहिल्या तीन-चार भेटींत जमत नाहीये असं वाटलं तर तसं तोंडावर सांगायचं. न सांगता येणं बंद करणारे फार, आणि आम्हाला मग कळतच नाही की आमचं काय चुकलं.

टवाळ, फीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. महिन्याला पाच हजार हे थोड्यांनाच झेपतं. कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने तरतूद करायला सांगितलंय, पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी दाखल झालं तरच पैसे देतात. समुपदेशनाला कोण दाखल होतं?

---

केवडा | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६:१८

सगळं छान छान चाललंय म्हणून कडू घोट मी पाजते.

माझी पहिली समुपदेशक मला दुसऱ्याच भेटीत म्हणाली, "तुझं लग्न झालं की हे सगळं थांबेल, जरा ॲडजस्ट करायला शीक." तिसऱ्या भेटीनंतर माझ्या आईला फोन करून मी काय काय बोलले ते सांगितलं. का, तर आई काळजीत होती म्हणून. मी तेव्हा २६ वर्षांची, कमावती. घरी त्या रात्री जे महाभारत झालं ते सोडा. नंतर सव्वा वर्ष मी कुणाकडे गेले नाही.

दुसरी मिळाली ती चांगली. पहिल्या भेटीत तिने विचारलं, "मागच्या ठिकाणी काय झालं होतं?" आणि अख्खा तास त्यावरच गेला. फी माझ्या पैशाची आणि रडगाणं पहिलीचं, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं तो तास सगळ्यात कामाचा होता.

सांगायचं एवढंच, की आपल्याला खटकलं तर दोष आपल्यातच आहे असं धरून चालू नका.

---

मनकवडी_नाही | १० नोव्हेंबर, सायंकाळी ७:०५

केवडा, हे वाचून मान खाली गेली. सज्ञान माणसाचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय आईला सांगणं हे आमच्या व्यवसायात अक्षम्य आहे. आणि लग्न हे औषध नाही, हे २०२५ मध्येही सांगावं लागतंय.

---

आबा_सातारकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:२०

मी ७१ वर्षांचा. सौ.ना १९९८ मध्ये डिप्रेशन आलं होतं. तेव्हा हा शब्दसुद्धा आमच्या घरात नव्हता, आम्ही "ती गप्प झालीय" असं म्हणायचो. धाकटा बारावीला, आणि ही सकाळचा चहा टाकायची तो उतू जाईपर्यंत बघत उभी राहायची. गॅस बंद करायचं सुचायचं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आठ दिवसांत काही फरक नाही म्हणून मी तणतणत गेलो. ते म्हणाले, "आबासाहेब, ही क्रोसिन नव्हे. तीन-चार आठवडे जाऊ द्या." खरंच तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तिने आपणहून भाजी निवडायला घेतली. मेथी होती. पुढे चार महिन्यांनी बरं वाटतंय म्हणून आमचं आम्हीच औषध बंद केलं. तो आमचा मूर्खपणा. दीड महिन्यात पुन्हा पहिले पाढे, आणि दुसऱ्या वेळी वर काढायला जास्त दिवस लागले.

गोदाकाठ, तुम्हाला गोळ्या लागतील की नाही ते तज्ज्ञ सांगतील. दिल्या तर मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका. आणि आईच्या डब्यातली ती गोळी आईच्या डब्यात ठेवा. ती रक्तदाब खाली आणते, आमचा भाऊ तिच्यामुळे चक्कर येऊन पडलेला मी पाहिलाय.

---

रेडिंगकर | ११ नोव्हेंबर, पहाटे ३:१०

वाचनखूण साठवली. इंग्लंडमध्ये इथे एनएचएस टॉकिंग थेरपीज नावाची सेवा आहे, जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच ऑनलाइन नाव नोंदवता येतं आणि पैसे पडत नाहीत. रांग मात्र लांब. पहिला फोन अर्ध्या-पाऊण तासाचा, नुसती चाचपणी. आणि दर वेळी दोन प्रश्नपत्रिका, नैराश्याची पीएचक्यू-९ आणि चिंतेची जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, शून्य ते तीन गुण द्या. दर आठवड्याला आपल्या दुःखाची बेरीज करायची. पहिल्यांदा हसू आलं, पण सतराचे नऊ झाले तेव्हा तो आकडा मी बायकोला फोन करून सांगितला.

अडचण वेगळीच आली. बाई फार समजूतदार होती, पण मला इंग्रजीत "जीव कासावीस होतो" म्हणता येईना. अँक्शस म्हटलं की ते परीक्षेआधीचं वाटतं. घालमेल, हुरहूर, धास्ती, काळीज लकलकणं हे सगळं त्या एकाच शब्दात कोंबावं लागायचं. एकदा मी सरळ मराठीत म्हणालो, "आतून पोखरल्यासारखं होतंय." ती म्हणाली, "पुन्हा म्हणा." मग त्याचा अर्थ सांगताना लाकूड, वाळवी, आमचं चिपळूणचं जुनं घर असं सगळं निघालं. दुभाष्या मागता येतो, पण रेडिंगातल्या मराठी मंडळात आपण सगळे एकमेकांना ओळखतो!

गोदाकाठ, तुम्हाला तुमच्या भाषेत बोलायला मिळतंय, ही चैन आहे बघा.

---

गोदाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४८

जाऊन आलो.

स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावली. कॉलेज रोडवर आपलं कुणी ना कुणी भेटतंच. वरती चार जण बसले होते, सगळे मोबाइलमध्ये डोकं खुपसून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं हे पाहून इतकं हलकं वाटलं.

मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. फाइल मी टेबलावर ठेवली, त्यांनी शांतपणे सगळी चाळली, अगदी ईसीजीच्या पट्ट्यासकट. म्हणाल्या, "बरंच सांभाळून ठेवलंय तुम्ही." मग गुप्ततेचं सांगितलं, मनकवडी ताई म्हणाल्या होत्या तसंच, अपवादांसकट.

नंतर त्यांनी एका कोऱ्या कागदावर घराचा नकाशा काढला. म्हणजे माणसांचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यांवर फुली. आजोबा, आजी, काका, आत्या. प्रत्येकाचं वय, आजार, स्वभाव. वडिलांच्या चौकोनावर फुली मारताना त्यांनी विचारलं, "कितव्या वर्षी?" मी म्हटलं, ४४. झोपेत, अटॅकने. मी तेव्हा दहावीला. आणि हे सांगून झाल्यावर मी गप्प बसलो, कारण वजाबाकी मला येते. येत्या फेब्रुवारीत मला ४४ पूर्ण होतात. दिवसभर आकड्यांत असणाऱ्या माणसाच्या हे आठ महिने लक्षात येऊ नये?

त्या काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "पाणी?"

रडलो नाही. टिश्यूचा डबा होता, ओसरीताई. निळ्या फुलांचा.

बाकी सगळा वेळ प्रश्नोत्तरांत गेला आणि मी काहीतरी उपाय सांगतील म्हणून वाट बघत राहिलो. शेवटी त्यांनी एक तक्ता दिला. धडधड झाली की वेळ लिहायची, आधी काय करत होतो, मनात पहिलं वाक्य काय आलं आणि किती मिनिटांत ओसरलं. बस. अगदी खरं सांगायचं तर जिना उतरताना वाटलं, एवढंच?

---

टवाळ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१०

घ्या. बाराशे रुपयांत लेजर लिहायला लावलं. तेही अकाउंटंटला.

---

मनकवडी_नाही | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

टवाळ, हसले मी. पण लेजरच आहे ते.

पहिली भेट बहुतेक अशीच जाते. त्यात समोरच्याला तुमची ओळख करून घ्यायची असते. तो तक्ता विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या पद्धतींचा खास. अमेरिकेतले अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक ही त्यातली दोन मोठी नावं. एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे मराठीत ही परिभाषा बऱ्यापैकी मुरलेली आहे. घटना एक, तिच्यावर आपण मनात म्हटलेलं वाक्य दुसरं, आणि भावना त्या वाक्यामागून येते. तुमच्या बाबतीत मधलं वाक्य काय आहे ते तुम्हाला तक्ता भरतानाच दिसेल. मी सांगत नाही.

आणि वडिलांचं. कारण सापडलं म्हणजे त्रास गेला असं लगेच होत नाही, निराश होऊ नका.

---

गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ११:०६

हो. काल रात्रीच तीनला जाग आली. नेहमीसारखीच. फक्त तक्त्यात लिहायचं म्हणून घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं. मला वाटायचं तासभर चालतं.

---

चिंगी२० | १६ नोव्हेंबर, दुपारी १:२२

मी लातूरला शिकते, होस्टेलवर. मलापण जायचंय पण बाराशे म्हणजे माझी महिन्याची मेसची निम्मी रक्कम. घरी सांगितलं तर शिक्षण बंद करून परत नेतील. पप्पा म्हणतात, अभ्यास नको म्हणून नाटकं. काय करू?

---

मनकवडी_नाही | १६ नोव्हेंबर, दुपारी १:५०

चिंगी, वय २० असेल तर आईवडिलांची परवानगी लागत नाही. सर्वांत आधी १४४१६. टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाव खरं सांगावं लागत नाही. दुसरं, लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी असते, केसपेपरच्या पैशात काम होतं. गर्दी असेल, डॉक्टर दहा मिनिटंच देतील, पण सुरुवात होते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांतही ओपीडी चालते. तिथे पाऊल टाकलं की भरती करतात हा गैरसमज.

आणि जिवाचं काही बरंवाईट करावं असे विचार येत असतील तर ओपीडीची वाट बघू नकोस. आत्ता फोन कर आणि होस्टेलवरच्या एका मैत्रिणीला खोलीत बोलावून घे. मला विपु (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) कर, मी आहे.

---

चिंगी२० | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४१

तसले विचार नाहीत ताई, नुसतं सारखं रडू येतं. फोन केला. एक दादा होते. मला वाटलं लेक्चर देतील. त्यांनी विचारलं, जेवलीस का. उद्या मैत्रिणीबरोबर सरकारी दवाखान्यात जातेय.

---

ओसरी | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

चिंगी, शाब्बास.

अवांतर, पण गोदाकाठ, पुढे उपयोगी पडेल. इतकं बोलल्यावर ही बाई आपली जवळची मैत्रीण आहे असं वाटायला लागतं. मी आमच्या वास्तुशांतीचं आमंत्रण दिलं होतं, चांगली पत्रिका नेऊन. त्या म्हणाल्या, "मनापासून आनंद झाला, पण येणार नाही." मला इतकं लागलं! पुढचं अख्खं सेशन मी तोंड फुगवून. मग त्यांनीच विषय काढला. त्या घरी आल्या असत्या, माझ्या सासूबाईंना भेटल्या असत्या, तर पुढच्या आठवड्यात मी सासूबाईंबद्दल मोकळेपणाने बोलले असते का? नसते. संक्रांतीला तिळगूळ मात्र घेतला, एकच वडी.

---

गोदाकाठ | ४ डिसेंबर, रात्री १०:३०

चार सेशन झाली. काही गमती सांगतो.

तक्त्यात चोवीस नोंदी झाल्या. मधल्या रकान्यातलं वाक्य चोवीसपैकी एकवीस वेळा एकच: "हा तोच." मॅडमनी गोल काढून दाखवलं. धडधड झाली की मन म्हणतं हा तोच, म्हणून भीती, भीतीने आणखी धडधड, की मन म्हणतं बघ, म्हटलं नव्हतं? नुसता गरगर फिरणारा गोल. जिना टाळणं, फाइल, खिशातली गोळी, हे सगळं त्या गोलाला वंगण. दर वेळी काही झालं नाही की श्रेय गोळीला जातं, जी मी कधी खाल्लीच नाही!

काल त्यांनी हार्टवाल्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन करून विचारलं आणि मग मला जागच्या जागी एक मिनिट धावायला लावलं. बंद खोलीत, फॉर्मल पँट, पायात मोजे. एक मिनिटाने नाडी ११८. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्या म्हणाल्या, "धरू नका, नुसतं बघा काय होतं." काय होणार, चार मिनिटांत खाली आली. दुसऱ्यांदा धावलो. तिसऱ्यांदा मला हसू फुटलं आणि त्यानंतर, कसं ते विचारू नका, रडू. निळ्या फुलांचा डबा अखेर कामी आला. वडील गेल्याच्या सकाळी मी दहावीच्या क्लासला जायला उठलो होतो आणि त्यांना उठवायला गेलो नाही, झोपू द्यावं म्हणून. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

आता यादी केलीय. ऑफिसचे तीन मजले, मग पांडवलेणी, आणि सगळ्यात शेवटी वणीच्या पायऱ्या. पाचशेच्या आसपास आहेत. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हणतच होते गडावर जा."

---

मनकवडी_नाही | ५ डिसेंबर, सकाळी ९:१०

वा! वाचणाऱ्यांना एक विनंती, हा धावण्याचा प्रकार घरी स्वतःच्या मनाने करू नका. हृदयाच्या तपासण्या आणि डॉक्टरांचा होकार आधी, आणि सोबत जाणकार माणूस.

---

आबा_सातारकर | ५ डिसेंबर, रात्री ८:००

गोदाकाठ, "झोपू द्यावं म्हणून" हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे होतात हो.

---

गोदाकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:१५

आठवं सेशन झालं. आता पंधरा दिवसांनी एकदा. मध्ये ख्रिसमसच्या आठवड्यात एक झटका जोरात आला, सगळं वाया गेलं असं वाटून मी जवळजवळ दवाखान्यात निघालो होतो. बायको म्हणाली, आधी तक्ता भर. चौदा मिनिटं.

ऑफिसचे तीन मजले रोज. पांडवलेणी दोनदा, एकदा मध्येच बसून. फाइल घरी कपाटात. वणी फेब्रुवारीत, वाढदिवसाच्या दिवशी. तारीख मीच निवडली, मॅडम म्हणाल्या, घाई नाही. खिशातली गोळी तेवढी अजून खिशात आहे, ती सगळ्यात शेवटी काढायची असं ठरलंय.

तर आज बायकोने शर्ट धुवायला टाकताना सवयीने खिसा चाचपला, पट्टी बाहेर काढली, चष्मा लावून उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "अहो, हिची मुदत सप्टेंबरातच संपलीय."

---

टवाळ | ११ जानेवारी, रात्री ९:३१

उघडलेली पट्टी मेडिकलवाला परत घेत नाही, आधीच सांगून ठेवतो. वणीला कोणत्या गाडीने निघताय? मी ओझरला असतो.